रात्री चहा नसतो म्हणून

आपल्याकडे दात कोणी दातांसाठी घासत नाही. चहासाठी घासतो. दंतवैद्य मंडळींना हे लागेल, पण त्यांनी कुठल्याही मराठी घरात सकाळी साडेसहाला जाऊन उभं राहावं. स्वयंपाकघरातून पहिला प्रश्न येतो तो "झोप झाली का?" असा नसतो, "तोंड धुतलंस का?" असा असतो. धुतलं नसेल तर कप मिळणार नाही, हे सांगावं लागत नाही. मुक्कामाला आलेले पाहुणेही यातून सुटत नाहीत. त्यांना फक्त "तोंड धुऊन घ्या, चहा टाकलाय" असं सन्मानाने धमकावतात. अंथरुणात बसून चहा पिणारी माणसं सिनेमात असतात आणि शेवटी तीच खलनायक निघतात, अशी माझ्या आईची पक्की समजूत होती.

हल्ली सवयींवर जाडजूड पुस्तकं निघतात. त्यांचं सार एवढंच असतं की ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करावं आणि ते होताच काहीतरी बक्षीस मिळावं, म्हणजे सवय लागते. आमच्या आईने यातलं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. तिच्याकडे पातेलं होतं, आलं होतं आणि गाळणं होतं. त्या जोरावर तिने आम्हा भावंडांना, वडिलांना आणि वर्षानुवर्षं परीक्षेसाठी आमच्याकडे राहायला येणाऱ्या झाडून सगळ्या नातेवाइकांना दात घासायला लावलं. सकाळपुरतं.

गोची रात्रीची आहे. दात तेच, ब्रश तोच, बेसिनही तेच, पण रात्री चहा नसतो. त्यामुळे रात्री दात घासणारा माणूस आमच्या घराण्यात दोन पिढ्यांत कोणी पाहिला नाही. रात्री दात घासायचे ते फक्त सकाळी पाचची गाडी पकडायची असेल तेव्हा. म्हणजे तेही उद्याच्या हिशेबातले!

मी चाळीत वाढलो. तिथे दात घासणं ही खाजगी बाब नव्हती. गॅलरीत उभं राहून, कठड्याला पोट टेकवून, खालच्या रस्त्याकडे बघत ते काम चाले. काका लोकांच्या डाव्या तळहातावर माकडछाप काळ्या पावडरीचा ढीग असे आणि उजव्या हाताची तर्जनी तोंडात. घासता घासता म्युनिसिपालिटीचं पाणी, महागाई, वरच्या मजल्यावरचं लग्न असे सगळे विषय निघत. तोंडात मंजन असल्यामुळे व्यंजनं उच्चारता येत नसत, नुसते स्वर येत, पण समोरच्याला सगळं कळे. कळलं नाही तरी तो मान डोलवी, कारण त्याच्याही तोंडात मंजन असे. चाळीत सकाळी भांडणं होत नसत, याचं श्रेय मी शेजारधर्माला नाही, काळ्या पावडरीला देतो.

गावाकडे राखुंडी होती, वर चिमूटभर मीठ. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चघळत शेतावर जाणारेही होते. आणि आजी मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ती काळी पूड, मशेरी म्हणा. सवय कशी जडते हे कोणाला शिकायचं असेल तर मिसरीकडे बघावं. आजीला दात घासायची आठवण कधी करून द्यावी लागली नाही. सकाळी, दुपारी झोपून उठल्यावर, संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती दात घासतच असायची. मी लहानपणी आजीला जगातली सगळ्यात स्वच्छ बाई समजत असे. ती दात घासत नव्हती, तंबाखू घेत होती, हे फार उशिरा कळलं. मिसरीने दात वाचत नाहीत. तोंडाचा कॅन्सर मात्र होऊ शकतो. महाराष्ट्रात अजून कित्येक बायका "मला तंबाखूचं व्यसन नाही, मी नुसती मिसरी लावते" असं निरागसपणे सांगतात. यावर विनोद करायचं मनात होतं, पण होत नाही. पुढे जातो.

मग घरात ट्यूब आली. ट्यूब म्हणजे प्रगती. हिरड्या जपणाऱ्यांकडे फोरहॅन्स, स्वदेशीवाल्यांकडे वज्रदंती, आणि ज्यांच्या घरी लहान मुलं त्यांच्याकडे बिनाका. कारण बिनाकाच्या खोक्यात प्लास्टिकचा एक इवलासा प्राणी निघे. एकदा हत्ती, एकदा जिराफ. पुढचा प्राणी हवा तर आधी ही ट्यूब संपली पाहिजे, हा हिशेब आम्हा मुलांना कोणी शिकवला नव्हता. त्या काळात आमच्या मजल्यावरच्या पोरांइतके मन लावून दात कोणी घासले नसतील. ब्रशवर पेस्टचा डोंगर, शिवाय थोडी थेट बेसिनमध्ये. वडील ट्यूब शेपटीकडून गुंडाळत आणत आणि चकित होऊन विचारत, "ही ट्यूब गळते का रे?"

याच बिनाकाची गीतमाला. 1952 साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली, अमीन सायानींच्या आवाजातली. बुधवारी रात्री आठ वाजता देशभरचे लोक रेडिओला कान लावून बसत. मला याचं आजही नवल वाटतं. टूथपेस्टच्या नावाचा कार्यक्रम, तोही रात्री, तोही एवढा लाडका. आणि तो ऐकून झाल्यावर सगळा देश दात न घासता झोपायचा! गाण्यांची क्रमवारी पाठ होती, दातांचा क्रमांक लागलाच नाही.

अमेरिकेत हा प्रश्न क्लॉड हॉपकिन्स नावाच्या जाहिरातवाल्याने सोडवला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्याकडे पेप्सोडेंट विकायचं काम आलं. लोकांना दात घासायची फारशी सवय नव्हती. दाढदुखीची भीती दाखवून पेस्ट खपत नाही, हे त्याला कळलं. दुखेल तेव्हा बघू, हा माणसाचा विचार आणि तो सगळ्या देशांत सारखाच. म्हणून त्याने लोकांना सांगितलं, दातांवरून जीभ फिरवून बघा, एक थर जाणवेल. आता तो थर कोणाच्या दातांवर नसतो? पण एकदा जीभ फिरवली की चैन पडत नाही. तुम्हीही आत्ता फिरवलीत ना? हॉपकिन्स शंभर वर्षांनंतरही कामावर आहे.

पेस्टचा फेस आणि थंडगार झिणझिण्या यांचंही तसंच. फेसाने दात साफ होत नाहीत, ब्रशच्या केसांनी होतात. फेस आणि थंडावा असतो तो काहीतरी घडलंय असं वाटावं म्हणून. अमेरिकेने बक्षीस पेस्टमध्येच घातलं, आपण ते पातेल्यात ठेवलं, एवढाच फरक.

हे सगळं ज्ञान मला प्राप्त व्हायला कारण झाली बायकोची दाढ. दाढ तिची, उपदेश मात्र मला. आमच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी बायकोची दाढ भरता भरता, म्हणजे ती बोलू शकत नाही अशी नेमकी वेळ साधून, मला विचारलं, "काका, तुम्ही रात्री ब्रश करता ना?"

मी म्हणालो, "सकाळी अगदी नियमित करतो."

"मी रात्रीचं विचारलं."

बायकोने खुर्चीतूनच घशातून एक आवाज काढला. तिच्या तोंडात कापूस, नळी आणि आरसा असूनही त्या आवाजाचा अर्थ दवाखान्यातल्या सगळ्यांना कळला. चाळीतलं शिक्षण असं उपयोगी पडतं.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आपण जागे असतो तेव्हा लाळ दातांची राखण करत असते. ती आम्ल धुऊन नेते, सौम्य करते, दाताला खनिजं परत पुरवते. झोपलो की लाळ आटते. पहारेकरी घरी जातो आणि तोंडातल्या जंतूंपुढे रात्रीच्या जेवणाचं ताट तसंच मांडलेलं असतं. ते साखर-पिष्ट खाऊन आम्ल तयार करतात. तोंडातल्या आम्लाचा पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताचं वरचं आवरण, एनॅमल, विरघळू लागतं. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ तो. हाड मोडलं तर जुळतं, एनॅमल एकदा गेलं की नव्याने उगवत नाही. म्हणजे दोनपैकी एकच वेळ पाळायची असेल, तर ती रात्रीची पाळायला हवी. आम्ही पिढ्यान् पिढ्या नेमकी दुसरी पाळत होतो.

"आणि दोन मिनिटं घासायचं, काका."

दोन मिनिटं म्हणजे काही फार नाही, असं ज्याला वाटतं त्याने घड्याळ लावून बघावं. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं. म्हणजे ते दोनदा होऊन वर सोळा सेकंद उरतात. राष्ट्रगीताच्या वेळी हात हलवणं बरं नव्हे म्हणून मी मनातल्या मनात गणपतीची आरती धरली. आमच्या घरच्या वेगाने, म्हणजे समोर मोदक दिसत असताना म्हणतात त्या वेगाने, ती बरोबर बसत होती. पण बायकोला हे कळलं. "तोंड उष्टं, त्यात ब्रश, आणि मनात आरती? काही जनाची नाही तर मनाची!" आरती बंद झाली. आता मी पाढे म्हणतो. सोपे लवकर संपतात, म्हणून सतरा आणि एकोणीसचा घेतो. एकोणीसच्या पाढ्याला सातव्या घरानंतर मी असा अडखळतो की मागच्या दाढा आपोआप दुप्पट वेळ घासल्या जातात.

घासण्याची पद्धतही डॉक्टरीणबाईंनी करून दाखवली, प्लास्टिकच्या जबड्यावर. ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका, साधारण 45 अंशांत धरायचा, आणि जागच्या जागी हलक्या हाताने थोडा थोडा हलवायचा. दात बाहेरून, आतून, वरून. आमचे धाकटे काका आडव्या हाताने कडक ब्रशचे असे सपाटे मारत की जणू पितळी पातेलं चिंचेने घासून लख्ख करायचंय. त्याने दात लख्ख होत नाहीत, मुळाशी खाचा पडतात, आणि मग गार पाणी प्यालं की माणूस ताडकन उभा राहतो. म्हणून ब्रश मऊ हवा. "हार्ड आहे का?" असं दुकानदाराला विचारणारे पुरुष मी पाहिले आहेत. मऊ ब्रश मागणं त्यांच्या मर्दानगीला शोभत नाही.

पेस्ट मटारच्या दाण्याएवढी पुरते. लाटेसारखी, शेवटाला डौलदार शेंडी काढलेली पेस्ट ही जाहिरातीतली गोष्ट आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना तर तांदळाच्या दाण्याएवढीच द्यावी, कारण त्यांना थुंकता येत नाही आणि फ्लोराइड पोटात जातं. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड जादा असतं. तिथल्या मुलांच्या दातांवर त्याने डाग पडतात. तिथे पेस्ट कोणती आणि किती हे डॉक्टरांना विचारूनच ठरवलेलं बरं.

इथपर्यंत मी सगळं मान्य केलं. ब्रश दर तीन-चार महिन्यांनी बदलायचा हेही मान्य केलं, जरी त्यातून घरात वेगळाच पेच उभा राहिला. आपल्याकडे ब्रश मरत नाही, निवृत्त होतो. मग तो कंगवे, समया, मिक्सरचं झाकण असल्या नोकऱ्या धरतो. पण घरात माणसं चार आणि प्रत्येकाचे वर्षाला तीन-चार ब्रश, म्हणजे वर्षाला डझनभर तरी निवृत्त ब्रश. एवढ्यांना पुरतील इतक्या समया कुठून आणायच्या?

ठिणगी पडली ती शेवटच्या सूचनेवर. "ब्रश झाला की नुसतं थुंकायचं. चूळ भरायची नाही."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. चूळ भरायची नाही? चूळ हा तर आमचा कुलाचार आहे. गालांचे फुगे करून, पाणी डावीकडून उजवीकडे खळाळून, मग मान मागे टाकून गुळण्या, शेवटी घसा खाकरून एक असा आवाज की समोरच्या इमारतीत लोकांनी घड्याळ लावावं. वडिलांच्या गुळण्यांनी आमचा अख्खा मजला उठत असे. ते सगळं सोडायचं? त्यावर डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहिलं तर काम करणार ना? तुम्ही दोन मिनिटं लावता आणि दोन सेकंदांत धुऊन टाकता." यावर मला उत्तर सुचलं नाही. बायकोला हसायला येत होतं, पण अर्धा जबडा बधिर असल्यामुळे अर्धंच आलं.

घरी सगळ्यात मोठा विरोध केला मावशीने. "म्हणजे तोंडात फेस ठेवून झोपायचं? याला आमच्यात पारोसं म्हणतात." आणि मेहुण्याने. आमच्या मेहुण्यांना आयुर्वेदाचा जाज्वल्य अभिमान आहे. ब्रश हे साहेबाचं खूळ, नायलॉनच्या केसांचा ब्रश 1938 साली आला, त्याआधी आपले पूर्वज काय बिनदातांचे होते का, हा त्यांचा सवाल. मी म्हटलं, बरोबर आहे, बघू पूर्वज काय म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दंतधावनाचं सांगितलंय. तुरट, तिखट, कडू चवीची काडी घ्यावी, तिचं टोक ठेचून मऊ करावं, हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, आणि हे दिवसातून दोन वेळा करावं. दोन वेळा! जीभ खरवडायला सोन्या-चांदीपासून तांब्या-पितळेपर्यंतची साधनंही चरकाने दिली आहेत. थोडक्यात, आमच्या डॉक्टरीणबाई जे बोलल्या त्यातलं बरंचसं चरक आधीच बोलून गेलेत: मऊ टोक, हलका हात, दोन वेळा. मेहुणे खूश झाले. सगळ्यांना सांगत सुटले की बघा, आपल्याकडे हे आधीच होतं. अभिमान त्यांना दोन्ही वेळचा आहे. दात अजून एकाच वेळेला घासतात. हल्ली ते कोळशाची महागडी पेस्ट आणतात. दूरदर्शनच्या जमान्यात कोळशाने दात घासणाऱ्याची जाहिरातीत टिंगल व्हायची, आता तोच कोळसा चकचकीत ट्यूबमध्ये भरून विकतात. आजोबांची राखुंडी फुकट होती, हाच काय तो तिचा दोष.

तर मूळ प्रश्न, रात्रीच्या चहाचा. बक्षीस नसेल तर सवय लागणार कशी? झोपताना ब्रश करायचं ठरवलं की ते होत नाही. सोफ्यावर अंग टाकलेलं असतं, मालिकेतल्या सासूने नुकतीच बाजी उलटवलेली असते, आणि बेसिन त्या क्षणी काशीइतकं लांब असतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेची वाट बघू नका, जेवणाला जोडा. हे मला पटलं. कारण जेवल्यावर आचवायला उठणं ही सवय आपल्यात मुरलेलीच आहे. ताटावरून उठलेला मराठी माणूस हात धुतल्याशिवाय कुठेही जात नाही, भूकंप झाला तरी. तेव्हा ब्रश तिथेच, हात धुण्याच्या जागी आणून ठेवायचा. जेवणात कोकमाचं सार, लिंबू असलं काही आंबट असेल तर अर्धा तास थांबायचं, कारण आम्लाने मऊ पडलेल्या एनॅमलवर ब्रश चालवणं बरं नाही. एरवी लगेच.

आणि बक्षीस? ते मला अनपेक्षितपणे सापडलं. आपल्याकडे आग्रहाला उत्तर नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. "पोट भरलंय" म्हणालात, तर एका घासाने काय होतंय. "डॉक्टरांनी नको म्हटलंय" म्हणालात, तर डॉक्टरांना काय कळतंय. "उपास आहे" म्हणालात, तर साबुदाण्याच्या खिचडीचं ताटच पुढ्यात येतं. पण एके रात्री साडेदहाला शेजारच्या वहिनी वाटीभर खीर घेऊन आल्या, तेव्हा मी सहज म्हणालो, "वहिनी, माझे दात घासून झाले." आणि वहिनी चक्क थांबल्या. वाटी हातात तशीच. "अगबाई, झाले का?" म्हणाल्या आणि परत गेल्या! पुन्हा आग्रह नाही, रुसवा नाही, काही नाही. घासलेल्या दातांबद्दल आपल्या समाजात एवढा आदर असेल, याची मला कल्पना नव्हती. तेव्हापासून रात्रीचा चिवडा, उरलेला शिरा, "एवढं संपवून टाका, वाया जाईल" या सगळ्यातून मी या एका वाक्यावर सुटलो आहे. वाया जाणाऱ्या अन्नाची जबाबदारी घरातल्या न घासलेल्या माणसावर जाते. सध्या ती मेहुण्यांवर आहे.

याला अपवाद कोजागिरीचा. गच्चीवर मध्यरात्री मसाला दूध उकळतं, त्यात केशर, बदाम, वाटीवाटीने साखर, आणि सगळी सोसायटी जमलेली. तिथे "दात घासून झाले" चालत नाही, मी प्रयत्न केला होता. त्या रात्री दूध प्यावं आणि घरी जाऊन ब्रश करावा. वर्षातली एक रात्र आहे, उरलेल्या रात्रींसाठी सबब नाही.

जाता जाता आणखी एक गैरसमज. दातांचे डॉक्टर दातांवरचं कीटण काढतात तेव्हा दात हलायला लागतात, असं अजून बरेच लोक मानतात. तसं काही नसतं. दात आधीच हललेले असतात, कीटणाने ते धरून ठेवल्यासारखे वाटतात इतकंच. रोज ब्रशने निघतो तो मऊ थर. तो राहिला की लाळेतली खनिजं बसून दगड होतो, आणि मग ब्रशने, राखुंडीने, काडीने, कशानेही निघत नाही, डॉक्टरांकडे जावंच लागतं. हे मी मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "मला काय करायचंय, माझी कवळी आहे." कवळीही रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी लागते, हे तिला सांगायची जबाबदारी मी बायकोवर सोपवली आहे.

तेव्हा मंडळी, आज रात्री जेवण झालं की आचवायला उठाल, तेव्हाच ब्रश हातात घ्या. मऊ ब्रश, मटारएवढी पेस्ट, दोन मिनिटं, आणि मग नुसतं थुंका. चूळ सकाळी ब्रशच्या आधीसाठी राखून ठेवा, शेजाऱ्यांना तुमच्या चुळीची सवय आहे. आणि त्यानंतर कोणी खीर घेऊन आलंच, तर वाटी ठेवून घ्या. खीर फ्रिजमध्ये सकाळपर्यंत उत्तम राहते.